तुर्कस्तान मध्य आशियात रशियाची जागा घेतोय का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सोव्हिएत संघ फुटल्यावर स्वतंत्र झालेल्या तुर्किक भाषक देशांत तुर्कस्तानचं वजन इतकं वाढलंय की तो तिथे रशियाची जागा घेतोय, हे खरं का? आणि मे २०२५ मध्ये तुर्कस्तान व अझरबैजान उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने उभे राहिल्यावर भारताने हा सगळाच पट्टा परका समजावा का?

माझं काम औषध निर्यातीचं. भारतीय कंपन्यांच्या औषधांची नोंदणी, वाहतूक, घाऊक व्यापाऱ्यांकडून वसुली हे सगळं मी उझबेकिस्तानच्या राजधानीत, ताश्कंदमध्ये राहून आणि तिथून कझाकस्तानातलं अल्माटी, किरगिझस्तानातलं बिश्केक, अझरबैजानातलं बाकू इथे ये-जा करत केलं. तुर्की कंपन्या या काळात माझ्या समोरच्या स्पर्धक होत्या आणि वाहतुकीत पुष्कळदा भागीदारही. त्यामुळे मी या प्रश्नाकडे पाहतो ते असं: माल कोणत्या रस्त्याने जातो, सरकारी खरेदीत झुकतं माप कोणाला मिळतं, आणि गळ्याशी आलं की ही सरकारं कोणाचा दरवाजा ठोठावतात. तुर्कस्तानचा प्रभाव खरा आहे आणि वाढतोही आहे. पण तो कुठवर वाढू द्यायचा हे तुर्कस्तानच्या राजधानीत, अंकारात ठरत नाही. ते बाकू, कझाकस्तानची राजधानी अस्ताना आणि ताश्कंदमध्ये ठरतं.

आधी देश नीट मोजून घेऊ, कारण इथेच पुष्कळांची गल्लत होते. अझरबैजान, कझाकस्तान, उझबेकिस्तान, किरगिझस्तान आणि तुर्कमेनिस्तान हे पाच तुर्किक भाषक, म्हणजे तुर्कीच्या कुळातल्या भाषा बोलणारे देश. ताजिकिस्तान या यादीत नाही. ताजिक भाषा फारसीची बहीण आहे. अझरबैजान तुर्किक आहे पण कॅस्पियन समुद्राच्या पश्चिमेला, कॉकेशसमध्ये. म्हणजे तुर्कस्तानला या देशांपैकी जवळपास कोणाचीच सीमा लागत नाही. अपवाद अझरबैजानच्या नाखचिवान या तुटक प्रदेशाचा, आणि तीही सीमा जेमतेम काही किलोमीटरची. मधे आर्मेनिया, जॉर्जिया, इराण आणि कॅस्पियन. याउलट कझाकस्तान आणि रशिया यांची सामाईक सीमा साडेसात हजार किलोमीटरहून लांब. या भूगोलाला वळसा घालून कोणतंही उत्तर देता येत नाही.

सुरुवात मात्र तुर्कस्तानने अतिशय उत्साहात केली होती. नोव्हेंबर १९९१ मध्ये अझरबैजानला मान्यता देणारा पहिला देश तोच. १६ डिसेंबरला कझाकस्तानने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि त्याच दिवशी अंकाराची मान्यता येऊन पोचली. तेव्हाचे पंतप्रधान सुलेमान देमिरेल एड्रियाटिक समुद्रापासून चीनच्या भिंतीपर्यंत पसरलेल्या तुर्किक जगाबद्दल बोलत होते. राष्ट्राध्यक्ष तुर्गुत ओझाल यांना एकविसावं शतक तुर्कांचं होणार असं मनापासून वाटत होतं. पाश्चात्त्य देशांनाही हे सोयीचं होतं, कारण इराणचा प्रभाव या नव्या देशांत शिरू नये आणि निधर्मी, बाजारपेठेवर चालणारं तुर्की प्रारूप तिथे रुजावं अशी त्यांची इच्छा होती.

ऑक्टोबर १९९२ च्या अंकारा शिखर परिषदेत हा फुगा फुटला. तुर्की बाजूला सामाईक बाजार हवा होता, विकास बँक हवी होती, तेल-वायूच्या वाहिन्या तुर्कस्तानातून नेण्याची हमी हवी होती. कझाकस्तानचे राष्ट्राध्यक्ष नझरबायेव आणि उझबेकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष करीमोव यांनी अशा कुठल्याही बंधनावर सही करायला नकार दिला. त्यांची बाजू समजून घ्यायला हवी. चलन अजून रूबल होतं, कारखान्यांचे सुटे भाग रशियातून येत होते, वाहिन्या सगळ्या उत्तरेला जात होत्या. १९८९ च्या जनगणनेत कझाकस्तानात कझाक सुमारे ४० टक्के होते आणि रशियन सुमारे ३८ टक्के. अशा देशाचा प्रमुख तुर्किक ऐक्याच्या घोषणेखाली उभा राहिला तर घरातच आग लागली असती. शिवाय मॉस्कोला सत्तर वर्षं थोरला भाऊ म्हणून झाल्यावर लगेच दुसरा थोरला भाऊ कोणालाच नको होता. ही भावना मी ताश्कंदच्या जुन्या अधिकाऱ्यांकडून स्पष्ट शब्दांत ऐकली आहे. तीस वर्षांनंतरही त्यांच्या आवाजातला ताठरपणा गेलेला नव्हता.

एप्रिल १९९३ मध्ये मध्य आशियाच्या लांबलचक दौऱ्यावरून परतल्यावर काही दिवसांतच ओझाल वारले. त्याच वर्षी जूनमध्ये बाकूत तुर्कस्तानचे कट्टर चाहते अबुलफेझ एल्चिबे यांची सत्ता गेली आणि सोव्हिएत काळातले मुरलेले नेते हैदर अलियेव आले. १९९४ मध्ये लिरा कोसळली आणि अंकाराच्या खिशातच खडखडाट झाला. उझबेकिस्तानशी तर पुरतं बिनसलं. विरोधी नेते मुहम्मद सालिह यांना तुर्कस्तानने आसरा दिल्यावर करीमोव यांनी तिथे शिकायला गेलेले विद्यार्थी परत बोलावले. फेब्रुवारी १९९९ च्या ताश्कंद बॉम्बस्फोटांनंतर उरलासुरला विश्वासही गेला आणि तुर्की धर्मगुरू फेतुल्ला गुलेन यांच्या चळवळीच्या शाळा बंद झाल्या. १९९० च्या दशकाच्या शेवटी कोणी हिशेब मांडला असता तर तुर्कस्तानचा प्रयत्न फसला असंच लिहिलं असतं.

पण त्या दशकात केलेल्या एका गुंतवणुकीचं फळ आज दिसतं, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची ठरली. १९९२ मध्ये तुर्कस्तानने या देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी दहा हजार शिष्यवृत्त्यांची योजना आखली. गैरसोयी खूप झाल्या, भाषेअभावी कित्येक मुलं अर्धवट सोडून परतली. त्याच वर्षी कझाकस्तानातल्या तुर्किस्तान शहरात, जिथे सूफी संत अहमद यसवी यांची समाधी आहे, तिथलं विद्यापीठ दोन्ही देशांनी मिळून चालवायला घेतलं. नंतर बिश्केकमध्ये किरगिझ-तुर्की मानस विद्यापीठ उभं राहिलं. तिका ही मदत-संस्थाही १९९२ चीच. जी मुलं तिथे टिकली ती आज पन्नाशीच्या आसपास आहेत आणि बँकांत, सीमाशुल्कात, मंत्रालयांत, मोठ्या ठेकेदार कंपन्यांत मोक्याच्या जागी बसली आहेत. आमच्या बैठका रशियन भाषेत सुरू व्हायच्या. तुर्की कंपनीचा प्रतिनिधी खोलीत आला की टेबलापलीकडचे दोघं-तिघं सहज तुर्कीवर यायचे. इस्तंबूलमधल्या वसतिगृहाची, कुठल्याशा प्राध्यापकाची चौकशी व्हायची, हसणं व्हायचं, आणि मग कामाचं बोलणं. किंमत आमची कमी असायची, कागद आमचे चोख असायचे, तरी त्या दहा मिनिटांत तो माणूस आमच्या पुढे गेलेला असायचा. यात लाचलुचपत नव्हती. तारुण्यातली चार वर्षं ज्या गावात काढली त्या गावाबद्दल वाटणारा जिव्हाळा होता, आणि तो कोणत्याही करारात लिहून मिळत नाही.

अझरबैजान हे वेगळंच प्रकरण आहे, त्याला बाकीच्यांच्या ओळीत बसवू नये. 'एक राष्ट्र, दोन राज्यं' ही हैदर अलियेव यांची घोषणा. भाषा इतकी जवळची की बाकूचा माणूस इस्तंबूलची मालिका भाषांतराशिवाय पाहतो. हे नातं नुसतं भावनेवर उभं नाही. २००६ पासून बाकू-तिबिलिसी-जेहान ही १,७६८ किलोमीटरची वाहिनी कॅस्पियनचं तेल भूमध्य समुद्रावर आणते, आणि रशिया व इराण दोघांनाही टाळून आणते. २०१८ मध्ये अनातोलियातून जाणारी तानाप वायुवाहिनी सुरू झाली. अझरबैजानची सरकारी तेल कंपनी सोकार हिने तुर्कस्तानात पेटकिम ही पेट्रोरसायन कंपनी विकत घेतली आणि इझमिरजवळ तेलशुद्धीकरण कारखाना उभारला. म्हणजे इथे प्रभाव दोन्ही दिशांनी वाहतो. आर्मेनियाविरुद्धच्या २०२० च्या ४४ दिवसांच्या काराबाख युद्धात तुर्की बनावटीच्या बायरक्तार ड्रोनांनी बाजी पालटली, डिसेंबरमध्ये बाकूच्या विजय संचलनाला एर्दोगान व्यासपीठावर होते, आणि जून २०२१ च्या शुशा जाहीरनाम्यात एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने मदत करायची असं लिहिलं गेलं. या पट्ट्यात तुर्कस्तानशी असा संरक्षणाचा करार करणारा अझरबैजान हा एकटाच. तरीही इस्रायलच्या बाबतीत हैदर यांचे पुत्र आणि आताचे राष्ट्राध्यक्ष इल्हाम अलियेव यांनी अंकाराची री ओढली नाही. २०२४ मध्ये तुर्कस्तानने इस्रायलशी व्यापार थांबवला. बाकूचे इस्रायलशी संबंध होते तसेच राहिले.

त्या युद्धाचा मध्य आशियावर परिणाम झाला तो शस्त्रखरेदीतून. किरगिझस्तान आणि तुर्कमेनिस्तान यांनी २०२१ मध्येच बायरक्तार घेतले, कझाकस्तानने मे २०२२ मध्ये तुर्कस्तानचेच अंका ड्रोन आपल्या देशात बनवण्याचा करार केला. रशियन शस्त्रांवर वाढलेल्या या लष्करांत नाटो सदस्य देशाचं यंत्र, त्याचे प्रशिक्षक आणि त्याचे सुटे भाग आले, हा बदल लहान नाही. फेब्रुवारी २०२२ नंतर रशिया स्वतःच युक्रेनमध्ये अडकल्यावर तर या देशांना दुसरा पुरवठादार हवाच होता.

आता तुर्किक राष्ट्रांच्या संघटनेबद्दल, कारण वर्तमानपत्रांत तिला कधी 'तुर्किक नाटो' तर कधी 'नवं ऑटोमन साम्राज्य' म्हटलं जातं. ३ ऑक्टोबर २००९ च्या नाखचिवान कराराने ती तुर्किक परिषद म्हणून जन्मली. तिची कल्पना अंकाराने नव्हे, नझरबायेव यांनी मांडली होती, हे फारसं कोणी लक्षात घेत नाही. २०१६ मध्ये करीमोव गेले, शौकत मिर्झियोयेव आले, दारं उघडली, आणि २०१९ मध्ये उझबेकिस्तान सदस्य झाला. साडेतीन कोटींहून अधिक लोकसंख्येचा हा देश आल्याशिवाय त्या संघटनेला अर्थ नव्हता. नोव्हेंबर २०२१ च्या इस्तंबूल परिषदेत संघटनेला सध्याचं नाव मिळालं. तुर्कमेनिस्तान निरीक्षकच राहिला, हंगेरीही निरीक्षक आहे. सामाईक गुंतवणूक निधी आहे, ३४ अक्षरांच्या सामाईक लॅटिन वर्णमालेवर तज्ज्ञ समितीचं २०२४ मध्ये एकमत झालं. ती लागू करायची की नाही हे प्रत्येक देशावर आहे, आणि किरगिझस्तान तर अजून सिरिलिकवरच आहे. सामाईक सैन्य नाही, बंधनकारक न्यायालय नाही.

आणि सामाईक बाजारपेठही होऊ शकत नाही. हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं, कारण सीमाशुल्काचे कागद हाताळल्याशिवाय ते चटकन लक्षात येत नाही. कझाकस्तान आणि किरगिझस्तान रशियाच्या पुढाकाराने झालेल्या युरेशियन आर्थिक संघात आहेत. बाहेरून येणाऱ्या मालावरचं शुल्क तो संघ सगळ्यांसाठी एकत्र ठरवतो. अस्तानाला वाटलं म्हणून तुर्की मालावरचं शुल्क एकट्याने माफ करता येत नाही. दुसऱ्या टोकाला तुर्कस्तान स्वतः १९९६ पासून युरोपीय संघाबरोबर सीमाशुल्क संघात आहे, त्याचेही हात तिथे बांधलेले. म्हणून उझबेकिस्तान आणि अझरबैजान यांच्याशी ठरावीक वस्तूंपुरते सवलतीचे करार झाले, तेवढ्यावरच गाडी अडली आहे. तुर्किक मुक्त व्यापार क्षेत्राच्या बातम्या वाचताना हे ध्यानात ठेवावं.

मग तुर्की कंपन्या इतक्या का दिसतात? कारण त्या तिथे जाऊन राहतात. औषधांचंच घ्या. नोबेल आणि अब्दी इब्राहिम या तुर्की कंपन्यांनी अल्माटी भागात कारखाने टाकले. कझाकस्तानात सरकारी रुग्णालयांची औषधं एसके-फार्मात्सिया या एकाच सरकारी वितरकामार्फत घेतली जातात आणि स्थानिक उत्पादकांना दीर्घ मुदतीचे करार दिले जातात. गोळी अल्माटीत दाबली गेली असेल तर ती स्थानिक. आम्ही मात्र वर्षानुवर्षं मुंबईहून तयार खोकी पाठवत राहिलो. ताश्कंदच्या एका घाऊक गोदामाचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आहे: भारतीय प्रतिजैविकं आणि मधुमेहाच्या गोळ्या खालपासून वरपर्यंत रचलेल्या, संख्येने सगळ्यात जास्त, पण तापमान नोंदवणारी यंत्रणा तुर्की, पॅलेट उचलणारी गाडी तुर्की ठेकेदाराने बसवलेली, छतावरचं पन्हाळी आवरण तुर्की, आणि गोदाम बांधून देणारी कंपनीही तुर्की. आपला माल तिथे येतो आणि खपतो. त्यांचा माल भिंतीत बसलेला असतो. तुर्कमेनिस्तानची राजधानी अश्गाबातमधल्या कितीतरी पांढऱ्या संगमरवरी इमारतींचं आणि २०१८ मध्ये खुल्या झालेल्या तुर्कमेनबाशी बंदराचं बांधकामही तुर्की ठेकेदारांचंच.

रस्त्याचं सांगायचं तर, न्हावा शेवाहून ताश्कंदला कंटेनर पाठवायचा सरळ मार्ग म्हणजे बंदर अब्बास आणि मग इराण, तुर्कमेनिस्तान ओलांडून. अंतर कमी, भाडं कमी. पण निर्बंधांमुळे बँका कागद पाहूनच कचरतात, विमा कंपन्या हात वर करतात. म्हणून बरेच जण चीनच्या बंदरांवरून रेल्वेने किंवा पूर्वी बाल्टिक बंदरांवरून रशियामार्गे माल नेत. २०२२ नंतर रशियाचा रस्ता अवघड झाला आणि सगळ्यांच्या नजरा मधल्या मार्गावर गेल्या: काळ्या समुद्रावरचं पोती बंदर किंवा तुर्कस्तान, जॉर्जिया, बाकूजवळचं अलात बंदर, फेरीने कॅस्पियन, मग कझाकस्तानचं अक्ताऊ किंवा तुर्कमेनबाशी. २०२४ मध्ये या मार्गाने सुमारे ४५ लाख टन माल गेला, २०२२ च्या जवळजवळ तिप्पट. तुर्कस्तानसाठी ही फार मोठी संधी आहे.

मात्र हा मार्ग वापरताना जे भोगावं लागतं ते नकाशावर दिसत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या बाकू-तिबिलिसी-कार्स रेल्वेवर जॉर्जियातल्या अखलकलाकीला दोन रुळांमधलं अंतर बदलतं. तुर्कस्तानचे १,४३५ मिलिमीटर, सोव्हिएत काळातले १,५२० मिलिमीटर. तिथे कंटेनर क्रेनने उचलून दुसऱ्या डब्यावर ठेवा किंवा डब्यांच्या बोगी बदला. पुढे अलातला फेरीची वाट. कॅस्पियनवर वारा सुटला की अक्ताऊचं बंदर दिवसचे दिवस बंद राहतं. ट्रकचालक रांगेत गाडीखाली स्टोव्ह पेटवून जेवण करतात आणि शीतपेटीतला माल डिझेलवर गार ठेवावा लागतो. इन्सुलिनसारखी औषधं असली की प्रत्येक दिवसाचा हिशेब जीव टांगणीला लावतो. त्यात कॅस्पियनची पातळी वर्षागणिक खाली जातेय, जहाजं पूर्ण भरून नेता येत नाहीत.

नाखचिवानमार्गे थेट रस्ता झाला तर चित्र थोडं बदलेल. ८ ऑगस्ट २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात जे ठरलं त्यात आर्मेनियाच्या दक्षिणेतल्या स्यूनिक प्रांतातून जाणाऱ्या मार्गाचा समावेश आहे. तुर्कस्तानने त्याच महिन्यात कार्सहून नाखचिवानच्या सीमेपर्यंत २२४ किलोमीटरच्या रेल्वेचं काम हाती घेतलं. पण हा सगळा खटाटोप पूर्ण झाला तरी बाकूपर्यंतच पोचतो. पुढचा समुद्र तसाच राहतो. कझाकस्तानचं सुमारे ८० टक्के कच्चं तेल आजही रशियाच्या नोवोरोसिस्क बंदरातून बाहेर पडतं. मॉस्कोने एखाद्या कारणाने ते टर्मिनल काही दिवस बंद ठेवलं की अस्तानाच्या तिजोरीला चटका बसतो. ज्याच्या हातात असा नळ आहे त्याची जागा ड्रोन आणि मालिका घेऊ शकत नाहीत.

व्यापाराच्या आकड्यांत तर तुर्कस्तानची स्पर्धा रशियाशी नव्हे, चीनशी लावून पाहावी. मध्य आशियाच्या पाच देशांचा (यात अझरबैजान नाही, ताजिकिस्तान आहे) चीनशी व्यापार २०२३ मध्ये ८९ अब्ज डॉलरच्या घरात गेला. उझबेकिस्तान आणि तुर्कस्तान यांचा व्यापार साधारण ३ अब्ज डॉलर.

प्रभाव किती खोल आहे हे जोखायचं तर मी तीन प्रसंग समोर ठेवतो. जानेवारी २०२२ मध्ये कझाकस्तानात दंगली पेटल्या, अल्माटीची सरकारी इमारत जळाली, विमानतळ ताब्यातून गेला. राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी मदत मागितली ती रशियाच्या नेतृत्वाखालच्या सामूहिक सुरक्षा करार संघटनेकडे. सैन्य आलं आणि दोन आठवड्यांच्या आत परतही गेलं. इस्तंबूलच्या परिषदेत तुर्किक राष्ट्रांच्या संघटनेचं नवं नाव जाहीर होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. या संघटनेने पाठिंब्याचं निवेदन काढलं. त्यापलीकडे तिच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं.

दुसरा प्रसंग तुर्कमेनिस्तानचा. सप्टेंबर २०२२ मध्ये अश्गाबातने स्वतःच अंकाराला विनंती करून आपल्या नागरिकांचा तुर्कस्तानातला बिनव्हिसा प्रवेश बंद करून घेतला. आपली तरुण माणसं कामासाठी इस्तंबूलला निघून जात होती, तिथून सरकारवर टीका करत होती. ते त्या राजवटीला नको होतं. बंधुभावाची भाषा करणाऱ्या देशाकडून असं मागितलं गेलं आणि त्याने ते दिलं. यात भरडले गेले ते तिथे धुणीभांडी आणि शिवणकाम करून घर चालवणाऱ्या तुर्कमेन बायका. मला या निर्णयाचा राग येतो आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

तिसरा प्रसंग तुर्कस्तानला सगळ्यात जास्त झोंबला. उत्तर सायप्रस, ज्याला देश म्हणून फक्त तुर्कस्तानची मान्यता आहे, हा अंकाराच्या काळजाचा विषय. २०२२ च्या समरकंद परिषदेत त्याला संघटनेत निरीक्षकाची जागा मिळवून दिली तेव्हा तो मोठा विजय मानला गेला. एप्रिल २०२५ मध्ये त्याच समरकंदमध्ये युरोपीय संघाबरोबर मध्य आशियाची शिखर परिषद झाली. युरोपने १२ अब्ज युरोंच्या गुंतवणुकीची घोषणा केली आणि संयुक्त जाहीरनाम्यात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ५४१ व ५५० या ठरावांना बांधिलकी व्यक्त झाली. म्हणजे उत्तर सायप्रसचं स्वातंत्र्य बेकायदा ठरवणारे ठराव. कझाकस्तान, उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान यांनी त्याच सुमारास निकोसियाच्या ग्रीक सायप्रस सरकारकडे राजदूत नेमले. तुर्कस्तानात विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं. अंकाराने मात्र जाहीर भांडण टाळलं, कारण भांडून हाती काही लागणार नव्हतं.

यात या देशांचा कृतघ्नपणा पाहू नये. रशिया, चीन, युरोप, तुर्कस्तान, आखाती देश अशा सगळ्यांशी एकाच वेळी संबंध ठेवायचे आणि कोणा एकाच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही, हे कझाकस्तानचं स्वातंत्र्यापासूनचं धोरण आहे आणि मिर्झियोयेव यांच्या काळात ताश्कंदनेही तेच अंगीकारलं. तुर्कस्तान त्यात बसतो कारण तो रशिया-चीनइतका मोठा नाही आणि सीमेला लागूनही नाही. त्याच्याकडून गिळलं जाण्याची भीती नसते. अंकाराने १९९० च्या दशकानंतर थोरलेपणा सोडून ठेकेदार, विमानसेवा, शाळा, ड्रोन असं उपयोगी पडायला सुरुवात केली तेव्हाच दारं उघडली. धर्माच्या बाबतीत मात्र ती दारं आजही किलकिलीच आहेत. बिश्केकची भव्य मशीद तुर्कस्तानच्या पैशांतून उभी राहिली हे खरं, तरी स्वतंत्र धार्मिक गटांवर ही सगळी सरकारं डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतात, मग ते गट तुर्की असोत की अरब.

आता भारताचा प्रश्न. मे २०२५ मध्ये पुण्याच्या फळबाजारातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं बंद केलं. तो संताप मी समजू शकतो. पण त्याच संतापात ताश्कंद आणि अस्तानाला तुर्की गोटात ढकलणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. ६ जून २०२५ रोजी दिल्लीत भारत-मध्य आशिया संवाद झाला, तिथे पाचही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी पहलगाम हल्ल्याचा निषेध करणाऱ्या संयुक्त निवेदनाला मान्यता दिली. त्या पाचांतले चार तुर्किक आहेत. आपल्या अणुभट्ट्यांना लागणाऱ्या युरेनियमचा मोठा पुरवठादार कझाकस्तान राहिला आहे. बिश्केक आणि ओशमध्ये महाराष्ट्रातली कितीतरी मुलं डॉक्टरकी शिकत आहेत. अझरबैजानबद्दलही भाबडेपणा नको आणि आंधळा रागही नको: २०२१ मध्ये बाकूत तुर्कस्तान, अझरबैजान आणि पाकिस्तान यांचा संयुक्त लष्करी सराव झाला ही वस्तुस्थिती आहे, आणि बाकूच्या तेलक्षेत्रात व जेहानला जाणाऱ्या वाहिनीत आपल्या ओएनजीसी विदेशचा लहानसा हिस्सा आहे हीही.

तुर्कस्तानकडून शिकण्यासारखं आपल्या हाताशी आहे ते करावं. बिश्केकला आपली मुलं शिकायला जातात. तिथली किती मुलं पुण्यात, मुंबईत शिकायला येतील अशी व्यवस्था आपण केली आहे? पुणे विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांची परंपरा जुनी आहे, तिथे उझबेक आणि कझाक मुलांसाठी भरघोस शिष्यवृत्त्या आणि पहिल्या वर्षी नीट भाषावर्ग हवेत. औषध कंपन्यांनी खोकी पाठवत बसण्याऐवजी ताश्कंद किंवा अल्माटीत निदान पॅकिंगचा विभाग तरी उभारावा, म्हणजे सरकारी खरेदीत स्थानिक म्हणून उभं राहण्याची वाट तरी मोकळी होईल. जमीन, वीज आणि करसवलती द्यायला तिथली सरकारं तयार आहेत. माझ्याकडे तिथल्या अधिकाऱ्यांनी याची चौकशी पुन्हा पुन्हा केली आहे. आणि थेट विमानं वाढवावीत, कारण मुंबईचा व्यापारी ताश्कंदला इस्तंबूलमार्गे जात राहिला तर मधल्या थांब्यावरचा तुर्की वितरक त्याला आधी गाठणारच.